चंचल मुलांच्या उपचारांची ध्येये

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या स्नेहसंमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. अशा प्रसंगी वक्त्याने ज्ञातीच्या पूर्वेतिहासाविषयी बोलावे, परीक्षांत चमकलेल्या मुलामुलींचे कौतुक करावे आणि तरुणांस दोन उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात असा प्रघात आहे. आज त्या प्रघातास थोडा फाटा देण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. ज्या मुलांची नावे या व्यासपीठावरून सहसा पुकारली जात नाहीत, त्यांच्याविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. आम्ही चौतीस वर्षे शिक्षकाचा पेशा केला आणि त्यांपैकी बरीच वर्षे आपल्या वसतिगृहाच्या समितीवर काम केले. १९९१ साली या समितीने दहावीतील एका विद्यार्थ्यास वसतिगृहातून काढून टाकले. त्याचे अपराध असे : पेटीची किल्ली तीन वेळा हरवली; संध्याकाळच्या हजेरीस वारंवार उशीर केला; आणि एकदा पाण्याचा पंप सुरू करून विसरल्यामुळे टाकी रात्रभर वाहत राहिली. मुलगा खोटे बोलणारा नव्हता. प्रत्येक वेळी तो मान खाली घालून चूक कबूल करी, पुन्हा होणार नाही असे सांगे, आणि आठ दिवसांत पुन्हा तीच चूक घडे. त्या कबुलीस आम्ही ढोंग म्हटले. काढून टाकण्याचा ठराव आमच्याच हस्ताक्षरात इतिवृत्तात आहे. त्या मुलाचे शिक्षण तेथेच संपले. ही गोष्ट आज सांगण्याचे कारण व्याख्यानाच्या शेवटी येईल.

चार वर्षांपूर्वी आमच्या नातवाच्या बाबतीत त्याच तक्रारी आमच्या घरी आल्या, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. डबा शाळेत राहतो, वही घरी राहते, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडून मोकळा होतो, बाकावर पाच मिनिटे बसवत नाही. सुनेने आमच्या उपदेशाची वाट न पाहता त्यास तज्ज्ञांकडे नेले, हे तिचे उपकार. तेथे ‘ए.डी.एच.डी.’ हे नाव आम्हांस कळले. मराठीत यास ‘अवधान-न्यूनता व अतिचंचलता’ असे म्हणता येईल.

हे कोणी नव्याने काढलेले खूळ आहे, असे कित्येकांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. इंग्रज बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली लंडन येथील व्याख्यानांत, बुद्धी शाबूत असूनही स्वतःस आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानग्रंथात ही अवस्था १९६८ साली अतिचांचल्याच्या नावाने आली. १९८० साली अवधानाच्या उणिवेवर भर देण्यात आला. आणि आजचे नाव १९८७ साली रूढ झाले. जगभरातील पाहण्यांचा एकत्र विचार करता शंभर मुलांत साधारण पाच मुले या प्रकारची आढळतात. आपल्या वसतिगृहात साठ मुले राहतात. हिशेब आपणच करावा. मुलींमध्ये धावपळ कमी आणि हरवलेपण अधिक असल्याने त्या पुष्कळदा ‘वेंधळ्या’ ठरतात आणि निदानावाचून राहून जातात.

मात्र प्रत्येक खोडकर मूल या सदरात बसत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निकषांप्रमाणे अवधानाच्या नऊ किंवा अतिचंचलता व उतावळेपणाच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे असावी लागतात. सतरा वर्षे व त्यावरील वयास पाच पुरतात. ही लक्षणे सहा महिने तरी टिकलेली असावीत, त्यांपैकी काही बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावीत आणि त्यांनी मुलाच्या जीवनक्रमात खरी अडचण आणलेली असावी. हा निर्णय शेजाऱ्यांचा नव्हे, शिक्षकांचाही नव्हे. तो तज्ज्ञांचा आहे.

याचे मूळ बहुतांशी आनुवंशिक आहे. साखर खाल्ल्याने किंवा आईच्या लाडाने ही अवस्था उत्पन्न होत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात असे दिसले की, मेंदूच्या बाह्यावरणाच्या वाढीचा जो टप्पा इतर मुले साधारण साडेसातव्या वर्षी गाठतात, तो या मुलांनी साधारण साडेदहाव्या वर्षी गाठला. वाढीचा क्रम तोच होता; पण ती उशिरा झाली. तेव्हा दहा वर्षांच्या अशा मुलाकडून आत्मसंयमनाच्या बाबतीत दहा वर्षांच्या इतर मुलाएवढी अपेक्षा करणे म्हणजे पहिल्या इयत्तेतील मुलास चौथीची प्रश्नपत्रिका देणे होय. रसेल बार्कले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक विचार आग्रहाने मांडला आहे. काय करावे हे या मुलांस ठाऊक असते. ठाऊक असलेले योग्य क्षणी हातून घडत नाही, ही त्यांची अडचण आहे. हे वाचले तेव्हा आम्हांस १९९१ सालचा तो मुलगा आठवला. ‘पुन्हा होणार नाही’ असे तो सांगे, तेव्हा तो खरे बोलत होता.

आता आजच्या मुख्य विषयाकडे वळू. निदान झाले, उपचार सुरू करावयाचे ठरले. परंतु उपचार कशासाठी? हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. आमच्या घरीही तो आम्ही विचारला नव्हता. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी विचारला. पहिल्याच भेटीत त्यांनी आम्हां सर्वांस एकेक कागद दिला आणि तीन महिन्यांनी काय बदललेले पाहावयास आवडेल ते लिहावयास सांगितले. आम्ही लिहिले, ‘अक्षर सुधारावे व शिष्यवृत्ती परीक्षेस बसावे.’ चिरंजीवांनी लिहिले, ‘गुण वाढावेत.’ सूनबाईंनी लिहिले, ‘सकाळी ओरडावे लागू नये.’ आणि नातवाने लिहिले, ‘मला खेळायला घ्यावे.’

बाईंनी आमचा आणि चिरंजीवांचा कागद आदराने बाजूस ठेवला आणि उरलेल्या दोन कागदांवर काम सुरू केले. त्या वेळी आम्हांस थोडा राग आला, हे लपवीत नाही. पुढे त्यांचे म्हणणे पटले. गुण हे फळ आहे. ते कशामुळे धरते हे कळल्याखेरीज नुसती फळाची इच्छा करून उपयोग नाही. उलट सकाळची भांडणे आणि मैदानावरचा बहिष्कार या गोष्टी रोज घडत होत्या, रोज मोजता येत होत्या आणि रोज थोड्या बदलता येत होत्या.

त्यांच्याकडून आम्ही जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, ध्येय डोळ्यांस दिसणारे असावे. ‘शहाण्यासारखे वाग’, ‘लक्ष दे’, ‘जबाबदार हो’ ही ध्येये नव्हेत. या आपल्या इच्छा आहेत. मुलाने नेमके काय केले म्हणजे ती इच्छा पुरी झाली असे आपण मानणार, ते सांगता आले पाहिजे. ‘शाळेतून आल्यावर दप्तर खुंटीस अडकवणे’ हे ध्येय आहे, कारण ते घडले किंवा नाही याविषयी घरात दोन मते होऊ शकत नाहीत. शिवाय ध्येय काय करावे हे सांगणारे असावे. ‘मध्ये बोलू नकोस’ यापेक्षा ‘बोलण्याआधी हात वर कर’ हे मुलास अधिक सोपे जाते.

दुसरी गोष्ट, आधी मोजावे, मग ठरवावे. आमच्या घरी एक आठवडा कोणीही काही न बदलता नुसती नोंद केली. उठणे, दात घासणे, आंघोळ, गणवेश, न्याहारी, दप्तर आणि बूट अशी सकाळची सात कामे. त्यांपैकी किती कामे तो दुसऱ्यांदा न सांगता करतो? सरासरी दोन निघाली. आम्ही लगेच म्हणालो, ‘आता सात झाली पाहिजेत.’ बाई म्हणाल्या, ‘महिनाअखेर चार.’ आरंभीचे ध्येय असे असावे की, मूल दहापैकी सातआठ वेळा यशस्वी होईल. ज्या मुलाने आयुष्यभर अपयशच चाखले आहे, त्यास प्रथम यशाची चव लागली पाहिजे. चार जमू लागल्यावर पाच करता येतात.

तिसरी गोष्ट, एका वेळी दोन किंवा तीनच ध्येये घ्यावीत. आपण वडीलधारी माणसे एकाच श्वासात दहा दोष सांगतो आणि त्यांपैकी एकही सुधारत नाही. कशास प्राधान्य द्यावे? प्रथम सुरक्षितता, मग ज्याने घराचे स्वास्थ्य बिघडते ते, आणि त्यानंतर शाळेत किंवा सवंगड्यांत ज्यामुळे मूल एकटे पडते ते. अक्षराची पाळी त्यानंतर येते.

चौथी गोष्ट, मदत जेथे काम घडते तेथेच असावी. दर बुधवारी तज्ज्ञांच्या खोलीत झालेले बोलणे सोमवारी सकाळी मोरीपाशी आठवत नाही. म्हणून सात कामांची चित्रे मोरीच्या दाराबाहेर लावली, घड्याळ जेवणघरात टांगले आणि एकेक काम होताच त्याने स्वतः चित्रावर खूण करावयाची असे ठरले. बक्षीसही त्याच दिवशी द्यावयाचे. ‘परीक्षेत चांगले गुण मिळाले तर सायकल’ हे आश्वासन या मुलांच्या दृष्टीने फार लांबचे आहे. आमच्या घरी चार खुणा झाल्या की संध्याकाळी आजोबांबरोबर कॅरमचा एक डाव, एवढेच बक्षीस होते. एकदा मिळवलेली खूण मात्र नंतरच्या चुकीसाठी पुसावयाची नाही. कमावलेले काढून घेतले तर पुढे कमावण्यात अर्थ काय, असे कोणासही वाटेल.

पाचवी गोष्ट, प्रगती पायऱ्यांनी मोजावी. १९६८ साली किरेसुक आणि शेर्मन या दोन अमेरिकन संशोधकांनी यासाठी एक सोपी रीत मांडली. ध्येयाच्या पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवावयाच्या. अपेक्षित पायरीस शून्य म्हणावयाचे. त्याहून अधिक प्रगती झाल्यास अधिक एक व अधिक दोन. कमी झाल्यास उणे एक व उणे दोन. नातवाच्या खेळाच्या ध्येयासाठी आमची शिडी अशी होती : आठवड्यात एकही डाव भांडण न होता पुरा न होणे ही उणे दोनची स्थिती, आणि ती आमची तेव्हाची स्थिती होती, एक डाव पुरा होणे उणे एक, दोन डाव शून्य, तीन डाव अधिक एक, चार किंवा अधिक डाव अधिक दोन. बाद झाल्यावर बॅट खाली ठेवून मनात दहा अंक मोजावयाचे, ही युक्ती त्याने अंगणात आमच्याबरोबर पन्नास वेळा गिरवली. तीन महिन्यांनी तो शून्यावर आला. आमच्या आयुष्यात शून्य पाहून एवढा आनंद कधी झाला नव्हता.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ध्येय साधले नाही तर दोष प्रथम ध्येयास द्यावा, मुलास नव्हे. पायरी फार उंच होती काय, बक्षीस शिळे झाले काय, घरातील मोठी माणसे कंटाळून खुणा करावयास विसरली काय, हे तपासावे. आमच्या घरी दुसऱ्या महिन्यात सर्व विस्कटले, तेव्हा तपासाअंती असे निघाले की कॅरमचा डाव आम्हीच चार दिवस चुकवला होता.

शाळेसाठीही अशीच दैनिक पत्रिका करता येते. शिक्षकांशी विचारविनिमय करून दोनतीन ध्येये लिहावीत, तासागणिक हो किंवा नाही एवढीच खूण असावी आणि पत्रिका संध्याकाळी घरी यावी. शिक्षकाचा त्यात एका तासास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ जाऊ नये. अन्यथा साठ मुलांचा वर्ग सांभाळणारा शिक्षक ती चार दिवसांत सोडून देईल, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

वयाप्रमाणे ध्येयाचा धनी बदलतो, हेही ध्यानात ठेवावे. सहा वर्षांखालील बालकाच्या बाबतीत औषधाआधी आईवडिलांनी स्वतः शिक्षण घ्यावे, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१९ सालचे मार्गदर्शन आहे. अर्थात तेथे ध्येये आईबापांची : सूचना एका वेळी एक द्यावी, जवळ जाऊन द्यावी, चांगले घडताच लगेच बोलून दाखवावे. शाळकरी वयात ध्येये घराची आणि मुलाची मिळून असतात. परंतु तेराचौदा वर्षांच्या पुढे ध्येय मुलाचे स्वतःचे नसेल तर ते कागदावरच राहते. या वयात धावपळ कमी होते, म्हणून मूल बरे झाले असे वाटते. पण कामास आरंभ करणे, वेळेचा अंदाज बांधणे आणि मोठे काम तुकड्यांत वाटणे या अडचणी उरतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत प्रौढपणीही राहतात. पंधरा वर्षांच्या मुलीस ‘अभ्यास वाढव’ असे सांगण्याऐवजी तिला काय हवे ते विचारावे. मैत्रिणींबरोबर सहलीस जाण्याची मोकळीक हवी असेल, तर ‘सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आत घरी येणे’ हे ध्येय ती आनंदाने घेईल आणि वेळेचा अंदाज त्यातूनच शिकेल. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून ठराविक वेळी झोपणे हेही या वयाचे महत्त्वाचे ध्येय आहे. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. या मुलांस वाहन-अपघाताचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. परवान्याच्या वयाआधी दुचाकीची किल्ली मुलाच्या हाती देण्याची जी प्रथा आपल्याकडे बोकाळली आहे, ती या घरांत तरी कटाक्षाने टाळावी.

औषधांविषयी पुष्कळ भय आहे, म्हणून दोन शब्द. १९९९ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर चौदा महिने निरनिराळे उपचार करण्यात आले होते. मुख्य लक्षणे कमी करण्यात काळजीपूर्वक दिलेल्या औषधांचा उपयोग केवळ वर्तनोपचारांहून अधिक दिसला. औषध व वर्तनोपचार यांची जोड दिली तेव्हा औषधाची मात्रा कमी लागली आणि आईवडिलांशी संबंध, सवंगड्यांशी वागणूक अशा गोष्टींत काही अधिक लाभ दिसला. तेव्हा औषध द्यावे की नाही, हे तज्ज्ञांबरोबर ठरवावे. ज्ञातीतील काकू-मावशींच्या मतावर सोडू नये. आणि औषध सुरू केले तर त्याचेही ध्येय लिहावे, भूक, झोप, वजन व उंची यांची नोंद ठेवावी. गोळीने मूल वहीसमोर बसू शकते. परंतु वही शाळेतून घरी आणण्याची सवय गोळीत नसते. ती शिकवावीच लागते.

आता शेवटचा भाग. गेल्या दिवाळीत आमच्या गावच्या घरातील पाण्याचा पंप जळाला. दुरुस्तीसाठी जो गृहस्थ आला, तो आमच्या पाया पडला तेव्हा आम्ही त्यास ओळखले. १९९१ साली ज्यास आम्ही काढून टाकले, तोच हा मुलगा. आज त्याचे मोटारी दुरुस्त करण्याचे स्वतःचे दुकान आहे. आम्ही क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘सर, पंप मीच विसरलो होतो.’ थोडा वेळ थांबून त्याने विचारले, ‘माझा मुलगा आठवीत आहे. त्यालाही तेच आहे, डॉक्टरांनी लिहून दिले आहे. वसतिगृहात त्याला घेतील का?’

बंधूंनो, या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकटे देऊ शकलो नाही. तो अर्ज येत्या जूनच्या प्रवेशांसाठी समितीपुढे आहे. अर्जदाराच्या संमतीनेच आम्ही ही हकीकत सांगत आहोत. नाव सांगण्याचे कारण नाही. कोणी म्हणेल की, एकासाठी नियम शिथिल केले तर शिस्त बिघडेल. आमचे म्हणणे नियम शिथिल करण्याचे नाहीच. हजेरी सर्वांस सारखीच असावी. मात्र हजेरीआधी पाच मिनिटे त्यास आठवण करणारा एक वरच्या वर्गातील सोबती असावा. किल्ली गळ्यात दोरीने बांधलेली असावी. अभ्यासाचे मेज खिडकीऐवजी भिंतीकडे तोंड करून असावे आणि वीस मिनिटांनी उठण्याची मुभा असावी. दोन ध्येये लिहिलेला एक कागद असावा आणि दर रविवारी गृहप्रमुखांनी पंधरा मिनिटे बसून तो पाहावा. यास एक रुपयाही लागत नाही. ते रविवारचे पंधरा मिनिटांचे काम पहिले वर्षभर आम्ही स्वतः करू, असे या सभेसमोर वचन देतो.

आणखी एक विनंती गुणगौरव समारंभाविषयी. टक्केवारीने पहिल्या आलेल्या मुलांचे कौतुक जरूर व्हावे. परंतु वर्षाच्या आरंभी स्वतःचे एक ध्येय लिहून देऊन ते पुरे करणाऱ्या कोणत्याही मुलाचे नाव, गुण न पाहता, याच व्यासपीठावरून वाचले जावे. त्यासाठी निदान सांगण्याची गरज नाही, चिठ्ठी लागत नाही. आणि ज्या घरांत असे मूल आहे, त्यांनी सोयरिकीच्या भयाने ते लपवू नये. लपवण्यात जी वर्षे जातात, तीच उपचाराची वर्षे असतात.

इतिवृत्ताच्या जुन्या वहीत आमच्या हस्ताक्षरातील तो ठराव आहे, तो आता पुसता येणार नाही. त्याच्या खाली दुसरा ठराव लिहिणे मात्र समितीच्या हाती आहे. तो लिहिला जावा एवढीच प्रार्थना.